कोड चालतो, पण कळतो का? आठ महिने पायथन ट्यूटर वापरल्यावर

माझी १३ वर्षांची भाची मुलांना कोडिंग शिकवणाऱ्या एका ऑनलाइन वर्गाला सहा महिने जात होती. वर्ग संपला तेव्हा तिला प्रमाणपत्र मिळाले, आणि शेवटचे काम म्हणून तिने स्वतः लिहिलेला प्रश्नमंजूषेचा प्रोग्राम तिने मला मोठ्या उत्साहाने दाखवला: पाच प्रश्न, प्रत्येक बरोबर उत्तराला एक गुण आणि शेवटी एकूण गुण. प्रोग्राम बिनचूक चालत होता. तो पाहून झाल्यावर मी तिला विचारले की गुण शून्य करणारी जी ओळ लूपच्या (त्याच ओळी पुन्हा पुन्हा चालवणाऱ्या भागाच्या) आधी आहे, ती लूपच्या आत नेली तर काय होईल. क्षणभरही न थांबता ती म्हणाली, "काही नाही होणार मावशी, त्याला माहितीये ना की गुण मोजायचेत."

हे उत्तर ऐकून मी अस्वस्थ झाले. मुलगी हुशार आहे, कष्टाळू आहे, आणि कोड तिने कुठून उतरवूनही घेतलेला नव्हता. पण सहा महिन्यांत तिच्याच कोडबद्दल असा एकही प्रश्न तिला कोणी विचारला नव्हता. प्रोग्राम चालला की पुढचा धडा, अशी त्या वर्गाची रीत होती. पुढे आठवड्यातून दोन संध्याकाळी तिच्याबरोबर बसायचे मी ठरवले आणि त्या बैठकींसाठी कोड एकेक पायरी चालवून दाखवणारे पायथन ट्यूटर हे साधन निवडले. आठ महिने ते वापरल्यानंतर हे परीक्षण लिहिते आहे, आणि ते एकाच कसोटीवर: आपण लिहिलेला कोड मुलाला खरोखर कळला आहे की नाही, हे या साधनाच्या मदतीने ओळखता येते का?

पायथन ट्यूटर फिलिप ग्वो यांनी २०१० मध्ये तयार केले. ते पुढे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो येथील शाखेत प्राध्यापक झाले. नावात पायथन ही एकच प्रोग्रामिंगची भाषा असली तरी जावा, सी, सी प्लस प्लस आणि जावास्क्रिप्ट या भाषाही त्यात चालतात. वापर मोफत आहे, संगणकावर काही बसवावे लागत नाही, ब्राउझर पुरतो. डावीकडे कोड लिहायचा, तो चालवण्याचे बटण दाबायचे, आणि मग 'नेक्स्ट' आणि 'प्रीव्ह' या दोन बटणांनी एकेक पायरी पुढे-मागे जायचे. उजवीकडे त्या क्षणी संगणकाच्या स्मृतीत काय आहे त्याचे चित्र दिसते: कोणते व्हेरिएबल (किंमत साठवणारे नाव) आहे, त्याची किंमत किती, कोणती लिस्ट (अनेक गोष्टींची यादी) कुठे आहे, कोणते फंक्शन (नाव दिलेला कोडचा तुकडा) सुरू आहे. कोडच्या शेजारी दोन बाण असतात. फिका हिरवा बाण नुकत्याच पार पडलेल्या ओळीवर असतो आणि लाल बाण पुढे पार पडणाऱ्या ओळीवर.

मागे जाण्याची सोय मला सर्वांत मोलाची वाटते, आणि ती कशी साधली आहे हे समजून घेण्यासारखे आहे. हे साधन कोड आधी आपल्या सर्व्हरवर पूर्ण चालवून घेते, प्रत्येक पायरीला स्मृतीची स्थिती काय होती याची नोंद ठेवते आणि ती सगळी नोंदवही आपल्या ब्राउझरकडे पाठवते. आपण बटण दाबतो तेव्हा त्या वहीची पाने उलटत असतो. त्यामुळे चूक नेमकी कोणत्या पानावर झाली हे शोधत मागे जाता येते, आणि मुलांना हे फार लवकर जमते. साधनाची एक मोठी मर्यादाही याच रचनेतून येते, तिच्याकडे पुढे येते.

पहिल्या संध्याकाळी आम्ही तीच प्रश्नमंजूषा घेतली. उत्तरे टाइप करत बसण्याऐवजी पाच उत्तरे आधीच एका लिस्टमध्ये लिहून ठेवली. त्यांतली चार बरोबर होती आणि शेवटचे उत्तर बरोबरांपैकी होते. गुण शून्य करणारी ओळ लूपच्या आत नेली आणि भाचीला सांगितले की बटण दाबण्याआधी शेवटी किती गुण दिसतील ते वहीत लिही. तिने ४ लिहिले. मग ती एकेक पायरी पुढे जाऊ लागली. गुणांच्या चौकटीत ० आला, मग १ झाला, लूप वर गेला आणि चौकटीत पुन्हा ० आला. इथे ती थांबली. 'प्रीव्ह' दाबून दोन पायऱ्या मागे गेली, पुन्हा पुढे आली, पुन्हा मागे गेली. शेवटी छापून आलेला आकडा १ होता. बराच वेळ पडद्याकडे पाहून ती म्हणाली, "म्हणजे त्याला काहीच माहिती नसतं. तो फक्त ओळ वाचतो."

तिची आधीची समजूत तिच्या एकटीची नव्हती. रॉय पी या अमेरिकी संशोधकांनी १९८६ मध्ये नवशिक्यांच्या चुकांचा अभ्यास मांडला, तेव्हा भाषा कोणतीही असो, एक समजूत त्या सगळ्यांच्या मुळाशी आहे असे त्यांनी दाखवले: प्रोग्रामच्या आत कुठेतरी आपल्यासारखे मन आहे आणि लिहिणाऱ्याचा हेतू त्याला कळतो. त्यांनी या समजुतीला 'सुपरबग' म्हटले होते. त्याचे एक रूप तर मी प्रत्येक मुलात पाहिले आहे. व्हेरिएबलला 'सर्वांत मोठा' असे नाव दिले की त्यात आपोआप सर्वांत मोठी संख्या राहील, असे मुलांना मनापासून वाटते. माणसामाणसांत अर्धवट बोलले तरी समजून घेतले जाते. मुलांना दुसऱ्या कोणत्या संभाषणाची सवयच नसते. मग यंत्राकडूनही त्यांनी तीच अपेक्षा ठेवली तर त्यांना दोष कसा द्यावा? पण ही समजूत मोडल्याशिवाय पुढचे शिकणे वाळूवरची भिंत ठरते, आणि प्रोग्राम बरोबर चालत असताना ती कधीच उघडी पडत नाही.

असे फक्त लहान मुलांचेच होते असे नाही. २००१ मध्ये मायकेल मॅक्रॅकन आणि सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या देशांतील विद्यापीठांत पहिला प्रोग्रामिंगचा अभ्यासक्रम पूर्ण केलेल्या विद्यार्थ्यांची परीक्षा घेतली. सरासरी गुण पडले ११० पैकी २३ च्याही खाली. विद्यार्थ्यांना समस्या सोडवता येत नाही, असा तेव्हा निष्कर्ष निघाला. २००४ मध्ये रेमंड लिस्टर आणि सहकाऱ्यांनी सात देशांत त्याच्याही आधीची पायरी तपासली: समोर दिलेला छोटा कोड वाचून त्याचे उत्तर काय येईल हे सांगता येते का? पुष्कळ विद्यार्थी तिथेच अडखळले. लिहिण्याच्या आधी वाचणे आणि वाचण्याच्या आधी एकेका ओळीचा माग काढणे कच्चे होते. ज्याला आपण ड्राय रन म्हणतो, म्हणजे कागदावर रकाने आखून प्रत्येक ओळीनंतर व्हेरिएबलची किंमत लिहीत जाणे, ते कौशल्य मुळात कुणी बसवलेलेच नव्हते.

पायथन ट्यूटर हा ड्राय रन मुलांसाठी आयता करून देते, आणि माझी पहिली तक्रारही हीच आहे. आयता मिळालेला ड्राय रन पाहणे आणि तो स्वतः करणे या दोन गोष्टींत फार अंतर आहे. पहिले तीन आठवडे मी भाचीला मोकळेपणाने बटण दाबू दिले. ती भराभर पुढे जायची, चौकटी बदलताना पाहायची, शेवटी "कळलं" म्हणायची, आणि दोन दिवसांनी तोच कोड कागदावर दिला की पहिल्याच लूपमध्ये चुकायची. चित्र इतके स्वच्छ आहे की पाहणाऱ्याला सगळे आपल्यालाच सुचले असे वाटते. म्हणून मी नियम केला की 'नेक्स्ट' दाबण्याआधी पुढच्या पायरीला काय बदलेल ते मोठ्याने सांगायचे, आणि महत्त्वाच्या ठिकाणी वहीत लिहायचे. लिहिलेले खोडायचे नाही. या नियमाने आमचा वेग अगदी मंदावला. कधी कधी दहा ओळींना अर्धा तास लागला. पण तिच्या डोक्यात काय चालले आहे हे मला पहिल्यांदा दिसू लागले ते तेव्हापासून.

नियम सुरू झाल्यावर पहिल्याच दिवशी एक गोष्ट समोर आली. लाल बाण ज्या ओळीवर आहे ती ओळ झालेली आहे, असे भाची तीन आठवडे समजत होती. त्यामुळे चौकटीतली किंमत तिला नेहमी एक पायरी मागे वाटायची, आणि हे साधन थोडे संथ चालते असा तिने मनाशी समज करून घेतला होता. साधनात बाणांचा अर्थ लिहिलेला आहे, पण तो बारीक अक्षरांत आणि इंग्रजीत आहे. पहिल्या बैठकीतच मुलाला तो समजावून सांगावा.

आता या साधनाची खरी ताकद जिथे दिसते ते सांगते, कारण तिथेच त्याचा एक धोकाही आहे. भाचीने दोन खेळाडूंचा एक साहसी खेळ लिहायला घेतला होता. पहिल्या खेळाडूच्या पिशवीत दोरी, नकाशा आणि दिवा होता. दुसऱ्याकडेही सुरुवातीला हेच असावे म्हणून तिने 'दुसरा बरोबर पहिला' (बरोबर म्हणजे = हे चिन्ह) अशी एक ओळ लिहिली. खेळात दुसऱ्याला किल्ली सापडली की ती पहिल्याच्याही पिशवीत दिसू लागली. तिने पहिल्याच्या पिशवीतून किल्ली काढून टाकणारी ओळ लिहिली, तर ती दोघांच्याही पिशवीतून गेली. पायथनच बिघडले आहे असे ठरवून तिने तो खेळ बाजूला ठेवून दिला होता. अशा बाजूला पडलेल्या फाइल मुलांच्या संगणकावर किती असतात ते एकदा पाहावे. प्रत्येकीत एक न सुटलेला प्रश्न असतो आणि तो सहसा विचारलाच जात नाही.

तोच कोड पायथन ट्यूटरमध्ये चालवला. 'दुसरा बरोबर पहिला' ही ओळ पार पडताच चित्राच्या डाव्या बाजूला दोन नावे आणि त्या दोन्हींतून निघालेले दोन बाण उजवीकडच्या एकाच लिस्टवर टेकलेले दिसले. पिशवी एकच होती, तिला नावे दोन होती. मी काही बोलायच्या आत भाचीने पडद्यावर बोट ठेवले. जी गोष्ट शब्दांनी समजावताना शिक्षकांची दमछाक होते, ती त्या दोन बाणांनी एका क्षणात दाखवली. लिस्टची वेगळी प्रत करणारी ओळ तिने स्वतः शोधली, चालवून पाहिली आणि दोन वेगळ्या पिशव्या दिसल्यावर खेळ पुन्हा सुरू केला.

इथे थांबले असते तर मी या साधनाला पैकीच्या पैकी गुण दिले असते. पण समजले आहे का हे पाहायचे तर थोडा वेगळा प्रश्न विचारावा लागतो. मी तिला तीन ओळी लिहून दिल्या: पहिला बरोबर ५, दुसरा बरोबर पहिला, दुसरा बरोबर दुसरा अधिक १. पहिल्यात आता किती? नुकतेच बाण पाहिलेल्या भाचीने ६ लिहिले. साधनाने ५ दाखवले. ती गोंधळली, आणि मग तिने स्वतःच एक नियम केला की संख्यांची प्रत होते आणि लिस्ट सामाईक राहते. नियम ऐकायला बरोबर वाटतो, पुष्कळ मोठी माणसेही तो सांगतात. पण तो चूक आहे, आणि तो चुकीचा नियम तिच्या मनात रुजवण्यात साधनाच्या चित्राचाही हात होता. पायथन ट्यूटरच्या मूळ मांडणीत संख्या नावापुढच्या चौकटीतच लिहिलेली दिसते आणि लिस्ट मात्र बाणाने जोडलेली दिसते. मूल जे पाहते त्यावरून नियम करणारच.

मग मी लिस्टचेच दुसरे उदाहरण दिले. या वेळी दुसऱ्याच्या लिस्टमध्ये वस्तू न घालता 'दुसरा बरोबर दुसरा अधिक किल्लीची लिस्ट' असे लिहिले. तिच्या नियमानुसार दोघांकडे किल्ली यायला हवी होती. आली फक्त दुसऱ्याकडे, कारण या ओळीने एक नवी लिस्ट तयार होते आणि 'दुसरा' हे नाव त्या नव्या लिस्टला जोडले जाते. आता तिचा नियम मोडला होता आणि हाती दुसरा नव्हता. ही अवस्था मला शिकण्यात सर्वांत महत्त्वाची वाटते, आणि अशा वेळी घाईने उत्तर देऊ नये.

साधनात एक पर्याय आहे, तो सहज लक्षात येत नाही: सगळ्याच गोष्टी, संख्यासुद्धा, बाणाने जोडून दाखवायच्या. तो निवडून आम्ही संख्यांच्या त्याच तीन ओळी पुन्हा चालवल्या. पहिला आणि दुसरा यांचे बाण आधी एकाच ५ वर गेले, आणि तिसऱ्या ओळीला दुसऱ्याचा बाण उचलला जाऊन ६ वर गेला. पुढच्या बैठकीला तिने आपणहून सांगितले की 'बरोबर'च्या चिन्हाने नुसता बाण हलतो, आणि पिशवीत वस्तू घातली की बाण तिथेच राहतो, पिशवी बदलते. हे वाक्य तिचे स्वतःचे आहे आणि मला ते कोणत्याही व्याख्येहून नेमके वाटते. मुलाला लिस्ट शिकवायच्या वेळी हा पर्याय सुरुवातीपासून निवडून ठेवावा. चित्र थोडे गजबजलेले दिसते, पण खोटे पडत नाही.

आता मर्यादा. हे साधन एका वेळी १,००० पायऱ्यांपर्यंतच कोड चालवते. सगळी नोंदवही आधी तयार करायची असल्याने कुठेतरी सीमा आखावीच लागणार, हे मला मान्य आहे. पण त्यामुळे मुलाचा खराखुरा खेळ त्यात बहुधा बसत नाही; त्यातला अडलेला तुकडा कापून, छोटा करून आणावा लागतो. पायथनचे चित्रे काढणारे 'टर्टल' कासव, खेळ बनवण्यासाठीच्या लायब्ररी (तयार कोडचे संच), फाइल वाचणे यांपैकी काही इथे चालत नाही. भाची सुरुवातीला यावर नाराज होती. मला मात्र हळूहळू यात एक फायदा दिसला. मोठ्या प्रोग्राममधून अडचण दाखवणाऱ्या आठ-दहा ओळी वेगळ्या काढता येणे हेसुद्धा समजल्याचे लक्षण आहे, आणि ज्या दिवशी तिने असा तुकडा माझ्या मदतीशिवाय काढला त्या दिवशी तो चालवायची गरजच पडली नाही; कापतानाच चूक सापडली.

दुसरी मर्यादा जास्त गंभीर आहे. पायथन ट्यूटर ओळीओळीने चालते, ओळीच्या आत काय घडले ते दाखवत नाही. भाचीच्या खेळात एक अट होती: उत्तर 'हो' असेल किंवा 'ह' असेल तर पुढे जा. तिने ती बोलतो तशीच लिहिली, 'जर उत्तर बरोबर हो किंवा ह'. अशी अट पायथनमध्ये नेहमीच खरी ठरते, कारण 'किंवा'च्या पुढचे नुसते अक्षर रिकामे नाही एवढ्यावर ते खरे मानले जाते. खेळाडूने 'नाही' म्हटले तरी खेळ पुढे जात होता. पायथन ट्यूटरवर बाण अटीच्या ओळीवर आला आणि पुढच्या पायरीला आत शिरला, बस्स. का शिरला, याचे कोणतेही चित्र नाही. भाचीने चार वेळा मागे-पुढे केले आणि तिला काहीच मिळाले नाही.

अशा वेळी आम्ही थॉनी वापरले. एस्टोनियातील टार्टू विद्यापीठात नवशिक्यांसाठी तयार झालेले हे मोफत सॉफ्टवेअर संगणकावर बसवावे लागते. त्यात एका ओळीच्या आतले एकेक पद सोडवून दाखवले जाते. आधी 'उत्तर बरोबर हो' या भागाच्या जागी 'खोटे' आले, मग 'खोटे किंवा ह' याच्या जागी नुसते 'ह' उरले आणि तेच खरे धरले गेले. ही चूक जगभरातले नवशिके करतात, आणि ती पाहायला थॉनीसारखे साधन मला दुसरे माहीत नाही. बाण आणि लिस्ट यांच्यासाठी पायथन ट्यूटर, अटी आणि हिशेब यांच्यासाठी थॉनी, अशी आमची वाटणी आता पक्की झाली आहे.

मुलाला किती समजले हे परस्पर मोजून देणारी साधनेही आहेत. त्यांतले डॉक्टर स्क्रॅच मी पाहिले. अमेरिकेतील एमआयटी विद्यापीठाच्या मीडिया लॅबने २००७ मध्ये आणलेल्या, ब्लॉक जोडून कोड करण्याच्या स्क्रॅच या भाषेतला प्रकल्प त्याला दिला की त्याच्या मूळ पद्धतीत ते सात बाबींवर प्रत्येकी ३ याप्रमाणे २१ पैकी गुण देते. प्रकल्पात लिस्ट वापरली असेल तर माहितीच्या मांडणीचे पूर्ण ३ गुण मिळतात. मुलाने काय काय वापरले हे पाहायला ते चांगले आहे, शिक्षकाला पुढे काय शिकवावे याची दिशाही त्यातून मिळते. पण दुसऱ्याच्या प्रकल्पातून लिस्ट जशीच्या तशी उचलली तरी गुण तेवढेच. आमच्या दोन बाणांच्या गोंधळाच्या दिवशीसुद्धा भाचीच्या खेळात लिस्ट होतीच. हवे ते उत्तर देणारा कोड कुणाकडूनही, आता तर कृत्रिम बुद्धिमत्तेकडूनही, मागून घेता येतो. तेव्हा तयार प्रोग्राम पाहून समज मोजण्यावर माझा विश्वास उरलेला नाही. इंग्लंडमध्ये स्यू सेंटन्स यांनी मांडलेली एक पद्धत मला यापेक्षा पटते. तिच्यात आधी कोडचे काय होईल याचा अंदाज सांगायचा, मग तो चालवायचा, त्याची तपासणी करायची, त्यात बदल करायचा आणि सगळ्यात शेवटी स्वतःचा लिहायचा. बहुतेक वर्ग शेवटच्या पायरीपासून सुरू होतात.

वयाबद्दल थोडे. अकरा-बाराच्या आतल्या मुलांना पायथन ट्यूटर देऊ नये असे माझे मत आहे. इंग्रजी शब्द, चौकटी आणि बाण एकदम समोर आले की ती बिचकतात. त्यांच्यासाठी स्क्रॅचच बरे. सध्याच्या स्क्रॅचमध्ये एकेक पायरी चालवण्याची सोय नाही, पण व्हेरिएबलच्या शेजारी खूण केली की त्याची किंमत खेळाच्या पडद्यावर दिसत राहते, आणि ब्लॉकच्या मधे 'एक सेकंद थांबा' हा ब्लॉक घातला की सगळे डोळ्यांना पेलेल इतके सावकाश होते. अंदाजाचा नियम तिथेही तसाच लागू करता येतो.

आणि मूल एकटे बसणार असेल तर या साधनाचा उपयोग निम्म्याहून कमी आहे. शेजारी बसणाऱ्याला प्रोग्रामिंग उत्तम यायलाच हवे असे नाही, "आता काय होईल?" आणि "ही ओळ काढली तर?" एवढे दोन प्रश्न धीराने विचारता आले, आणि चुकीचे उत्तर ऐकल्यावर चेहरा बदलला नाही, तरी पुरे. हे दोन प्रश्न साधन स्वतः विचारत नाही. बटण दाबण्याआधी एक रिकामी चौकट येऊन मुलाकडून अंदाज लिहून घेतला जाईल, एवढी एक सोय त्यात असती तर मी ते प्रत्येक शाळेला सुचवले असते. ती नसल्यामुळे आमचे काम वहीवर चालले आहे.

गेल्या आठवड्यापासून आम्ही फंक्शनकडे वळलो आहोत. दोन संख्यांची बेरीज करणारे फंक्शन भाचीने लिहिले, पण त्यात बेरीज परत देण्याऐवजी ती नुसती छापली, आणि मग फंक्शनचे उत्तर एका व्हेरिएबलमध्ये ठेवून त्याची दुप्पट छापायला गेली. ३ आणि ४ दिले होते. वहीत तिने १४ लिहिले होते. पडद्यावर आधी ७ आला, फंक्शनच्या चौकटीत परत दिलेल्या किमतीसमोर 'नन' (None, म्हणजे काहीच नाही) असा शब्द उमटला, चौकट पुसट झाली आणि पुढच्या ओळीला प्रोग्राम चूक दाखवून थांबला. तिने 'प्रीव्ह' दाबून त्या शब्दापर्यंत मागे नेले आणि मला काही विचारले नाही. वहीत १४ च्या खाली तिने लिहिले, "७ दिसला, पण मिळाला नाही. मग गेला कुठे?" आणि पुढची बैठक होईपर्यंत मी उत्तर सांगायचे नाही, असे तिने माझ्याकडून कबूल करून घेतले आहे.